वॉशिंग्टनला निघालेली निळी गाडी

१

गॅरेजचं दार घडघडत वर गेलं, शाळेच्या बँडने दणक्यात सूर लावला, आणि मग एकेक वाद्य गप्प होत गेलं. एक ट्रॉम्बोनवाला तेवढा डोळे मिटून फुंकत राहिला. शेजारच्या मुलीने त्याला कोपर मारलं तेव्हा कुठे तो थांबला. आत गाडी नव्हती. गाडीवरचं मखमली आच्छादन मात्र नीट चौकोनी घडी घालून बाकावर ठेवलेलं होतं.

एल्डन फॉल्सच्या युनियन हॉलसमोर त्या डिसेंबरच्या सकाळी अर्धं गाव जमलं होतं. हातात कागदी बशा, बशांत पॅनकेक, पॅनकेकवर मेपलचा पाक. निरोपाची न्याहारी होती ती. निरोप द्यायचा होता 'व्रेन' नावाच्या छोट्या निळ्या गाडीला. वॉल्ड्रन मोटर्सची ही नवी गाडी बॅटरीवर चालायची आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर. कंपनी गळ्यापर्यंत बुडालेली. सरकारने कर्ज दिलं तरच तरणार, आणि ती तरली तर ही गाडी एल्डन फॉल्सच्या कारखान्यात बनणार. मागच्या वेळी कंपनीचे मोठे साहेब खाजगी विमानात बसून वॉशिंग्टनला हात पसरायला गेले, तेव्हा देशभर त्यांची छीथू झाली होती. म्हणून या खेपेला ठरलं की युनियनचा अध्यक्ष गॉर्डी स्टॅडनिक हीच गाडी स्वतः चालवत नेईल आणि गुरुवारी समितीपुढे शपथेवर सांगेल, की बघा, आम्ही हे करू शकतो.

तो गॉर्डी आता उघड्या गॅरेजसमोर उभा होता. भला दांडगा माणूस, पण गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं त्याला.

लॉरेटा बिएलाकने हातातली बशी कुणाच्या तरी हातात कोंबली आणि ती पुढे झाली. ती गावची पोलीसप्रमुख. म्हणजे हाताखाली दोन माणसं आणि एक म्हातारी जीप. तिचा नवरा डेल कारखान्यात गाड्यांना दरवाजे बसवायचा. कारखाना बंद म्हणजे गाव बंद, आणि गावच नसेल तर पोलीस हवेत कुणाला? तेव्हा ही चोरी तिच्या घरातलीच होती म्हणायची.

कुलूप फोडलेलं नव्हतं. पहाटेच्या बर्फाने चाकांच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. गाडीचं नाक जिथे असायला हवं, तिथे फरशीवर लॉरेटाला दोन गोष्टी सापडल्या. एक, शिशाचं तुटलेलं सील. दुसरी, कागदी चिकटपट्टीचं एक इवलंसं कडं. पट्टी कशाभोवती तरी गुंडाळून मग ओढून काढावी, तसं. ते कडं तिने तळहातावर घेऊन उजेडात धरलं. असली कडी तिने कित्येक वर्षं स्वतःच्या घरात, धुवायच्या कपड्यांत वेचली होती.

२

ते तिने कुणाला दाखवलं नाही. रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि आधी कंपनीच्या माणसाला गाठलं.

प्रेस्टन व्हिटलॉ मुख्य कचेरीतून गाडीबरोबर आला होता. गुळगुळीत दाढी, पातळ तळाचे बूट, आणि त्या बुटांनी बर्फात चालताना होणारी फजिती. गॅरेजच्या दोनच किल्ल्या होत्या, एक त्याच्याकडे आणि एक गॉर्डीकडे. आपली किल्ली रात्रभर मोटेलच्या खोलीत होती असं तो शपथेवर सांगत होता. दुपारी टीव्हीवाल्यांसमोर गाडी निघाली नाही तर कंपनी संपली, हेही त्याने तीनतीनदा सांगितलं. मग राज्याच्या पोलिसांना बोलावते, असं लॉरेटा म्हणाली, तर हा गृहस्थ पांढराफटक पडला. नको म्हणाला. उगाच बोभाटा होईल.

"गाडी शोधा, पण सापडली तर बॉनेट कुणी उघडायचं नाही," तो म्हणाला. "आत कंपनीचं गुपित आहे. त्यासाठीच सील लावलंय."

लॉरेटाने मान डोलावली. गाडी चोरीला गेलेला माणूस गाडीपेक्षा बॉनेटची काळजी जास्त करतो, हे तिच्या मनात खडा पडावा तसं पडून राहिलं.

गॉर्डी हॉलमधल्या आपल्या खोलीत बसला होता. डेल आणि लॉरेटाच्या लग्नात करवला म्हणून हाच उभा राहिला होता, त्यामुळे पोलीस आणि साक्षीदार असं काही नातं जमेना. कुणीतरी त्याच्यासमोर डोनटचा खोका ठेवला होता. पिठीसाखरेत घोळवलेला एक डोनट त्याने खाल्ला, खातोय हे कळत नसल्यासारखा. मग बोटं पुसली. सगळी साखर गेली, लग्नाच्या अंगठीभोवतीची मात्र गेली नाही. त्याने दोनदा पुसलं, तरी ती तिथेच. बायकोला जाऊन चार वर्षं झाली तरी ती अंगठी त्याच्या बोटातून निघाली नव्हती. बोट सुजलं होतं आणि मनही तयार नव्हतं. माणूस किती खचलाय, लॉरेटाला वाटलं, आणि तिला त्याची दया आली.

किल्ली रात्री उशाशी होती, त्याने सांगितलं. संध्याकाळी एकदा येऊन गाडी बघून गेलो, म्हणाला. "डोळे भरून बघितली गं. बॉडी आपल्याच इथली आहे, माहीत आहे ना? दरवाजे डेलने बसवलेत."

कुणावर संशय आहे का, असं विचारल्यावर त्याने डोनटचा खोका बंद केला. मग मान हलवून म्हणाला, की तसं कुणाचं नाव घेऊ नये. पण दाराबाहेर घोळका करून उभे असलेले लोक एकच नाव घेत होते: अर्लीन टकर.

३

अर्लीनचं हार्डवेअरचं दुकान हॉलला लागूनच होतं. गावातल्या सगळ्या किल्ल्या तीच बनवायची. गॅरेजच्या दोन्ही किल्ल्या तिच्याच हातच्या, तेव्हा तिसरी बनवायला तिला कोण अडवणार होतं? शिवाय आदल्याच आठवड्यात तिने दुकानाच्या काचेवर पाटी लावली होती, की माझ्या कराचे पैसे वॉल्ड्रनला देऊ नका. गावातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवसापासून तिच्याकडून खिळासुद्धा घेतला नव्हता.

"आलीस का बेड्या घेऊन?" लॉरेटाला बघून म्हातारी म्हणाली. "चहा घे आधी. चोराच्या घरचा असला तरी गरम आहे."

चहा घेता घेता तिने आपलं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. हायवेवर ते मोठं दुकान आलं तेव्हा हिचा धंदा अर्ध्यावर आला. कामावरची दोन माणसं कमी करावी लागली, दोघंही तिच्या मुलांसारखी. "तेव्हा मी गेले का वॉशिंग्टनला? आणि गेले असते तर दारात तरी उभं केलं असतं का मला कुणी? लहान माणूस बुडाला की म्हणायचं, धंदा आहे, चालायचंच. मोठा बुडाला की देश बुडतो."

गॉर्डीला हे ठाऊक होतं आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. अर्लीनचं दुकान बुडालं तर अर्लीन बुडेल, पण कारखाना बुडाला तर अर्लीनचं दुकानही बुडेल. लॉरेटाला दोघांचंही पटायचं, आणि हीच तिची पंचाईत होती.

"पण मी गाडी चोरून काय करू?" अर्लीन म्हणाली. "मला वाद जिंकायचाय पोरी, समोरच्याचा आवाज नाही बंद करायचा."

मग ती आपल्या दुसऱ्या दुःखाकडे वळली. तिची गाडी जपानी होती. हॉलच्या आवारात गॉर्डीने स्वतःच्या हाताने रंगवलेला फलक होता: परदेशी गाड्या इथे लावू नयेत, लावल्यास उचलून नेल्या जातील. हा फलक नुसता शोभेचा नव्हता, गॉर्डीने एकदा पाद्रीबाबांच्या पाहुण्याची गाडीसुद्धा उचलायला लावली होती. त्यामुळे अर्लीनला आपली गाडी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत लावून बर्फ तुडवत दुकानात यावं लागे. गावातले लोक त्या कोपऱ्याकडे बघतही नसत.

"आता तिथेही जागा मिळेना," ती कुरकुरली. "आज सकाळी माझ्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी ताडपत्री घातलेलं धूड आणून ठेवलंय. वाळीत टाकलेल्यांची वस्ती वाढतेय वाटतं." मग स्वतःशीच हसली. "तशी वरवर बोंब मारतात सगळे. गेल्या हिवाळ्यात माझी गाडी थंडीने गारठून बंद पडली, तेव्हा तुमच्यातल्याच एकाने गुपचूप बॉनेट उघडून सुरू करून दिली. नाव नाही सांगायची. अब्रू जाईल बिचाऱ्याची."

लॉरेटाने कप खाली ठेवला. तिचं निम्मं लक्ष खिशातल्या रुमालाकडे होतं. चहा झाला तशी ती उठली आणि सरळ नवऱ्याला शोधत निघाली. त्याला एकच प्रश्न विचारायचा होता आणि त्याच्या उत्तराची तिला भीती वाटत होती.

४

डेल हॉलच्या मागे शोधायला निघालेल्या लोकांना गटागटांत पाठवत होता. गावातली गॅरेजं, धान्याची कोठारं, नदीकाठ, सगळं पालथं घातलं जात होतं. गाडी गावाबाहेर जाणं शक्य नव्हतं. पुलाच्या तोंडाशी आदल्या संध्याकाळपासून टीव्हीवाल्यांची गाडी उभी होती, आणि दुसरा रस्ता बर्फाने बंद होता.

लॉरेटाने त्याला बाजूला घेतलं, रुमाल उघडला आणि विचारलं, "हे काय आहे, सांग."

"अंगठीवरची पट्टी," डेल लगेच म्हणाला. त्यात विचार करण्यासारखं होतंच काय? कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर कामाला लागलं की पहिल्याच दिवशी सांगतात: रंगवलेल्या गाडीजवळ जाताना घड्याळ काढा, पट्ट्याचं बक्कल झाका, अंगठी काढा, आणि निघत नसेल तर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. एक ओरखडा उठला तर सगळी बॉडी परत जाते. वर्षानुवर्षं हे केलं की हात आपोआपच करतात, मग कारखाना असो की घरचं अंगण.

मग बायको आपल्या डाव्या हाताकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो चांगलाच वैतागला. "अगं बाई, माझी अंगठी तळ्यात पडून दोन हिवाळे झाले. विसरलीस? महिनाभर बोलत नव्हतीस माझ्याशी."

त्या अंगठीवरून लॉरेटाने घर डोक्यावर घेतलं होतं खरं. आज ती तळ्यात गेली याबद्दल तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

मग ती रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन बाकावर बसली, घडी घातलेल्या मखमलीच्या शेजारी. चोर असा कसा? आच्छादन भिरकावून देत नाही, घडी घालतो. चोरायच्या गाडीवर ओरखडा उठू नये म्हणून अंगठीला पट्टी लावतो. असा चोर लाइनवरचाच, आणि त्याचा त्या गाडीवर जीव होता. पट्टी पडली होती गाडीच्या नाकाशी, सीलही तिथेच तुटलेलं. म्हणजे आधी बॉनेट उघडलं गेलं, आणि आत जे काही दिसलं त्यानंतर गाडी गेली. कंपनीचा माणूस घाबरतोय तोही बॉनेटलाच. पट्टी ओढून काढली की डिंक मागे राहतो, आणि डिंकाला साखर चिकटते.

मग तिला अर्लीनच्या जागेवरचं ते ताडपत्रीखालचं धूड आठवलं. बाहेर शेकडो माणसं गाडी शोधत होती, आणि आपली गाडी जिथे असूच शकत नाही अशा एकाच जागेकडे कुणी फिरकलं नव्हतं. ती उठली आणि रस्ता ओलांडून गेली.

५

अर्लीनच्या जागेवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर बर्फ. लॉरेटाने एक कोपरा उचलला. निळा रंग दिसला. तिने कोपरा परत खाली सोडला आणि गॉर्डीला निरोप पाठवला, एकट्यानेच यायचा.

तो आला आणि ताडपत्रीसमोर थांबला.

"अंगठीवरची साखर गेली का रे?" लॉरेटा म्हणाली.

त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खांदे सैल सोडले. सुटल्यासारखा दिसला तो. मग त्याने स्वतः ताडपत्री काढली, सवयीने बक्कल शर्टाखाली झाकलं आणि बॉनेट उघडलं.

जुनी रीत होती एक. पहिली गाडी बाहेर पडताना ज्याने-त्याने आपलं नाव पेन्सिलने अशा जागी लिहायचं, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधीच जाणार नाही. गॉर्डी संध्याकाळी आला होता तो नाव लिहायला. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याने ते लिहिलंही, खाली बायकोचं लिहायला घेतलं, आणि तेवढ्यात त्याची नजर इंजिनावर गेली.

"नाव-नंबर घासून काढलेत," तो म्हणाला. "पण मी गेल्या हिवाळ्यात अर्लीनची गाडी सुरू करून दिली होती. तेच इंजिन आहे हे, लॉरेटा. तेच. वरून आपले दरवाजे आणि आत जपानी काळीज."

लॉरेटा वाकून आत बघू लागली.

"गुरुवारी मला हात वर करून विचारणार, ही तुम्ही बनवली का? हो म्हणालो तर शपथेवर खोटं. नाही म्हणालो तर आपणच आपल्या हाताने गावाचा गळा दाबायचा. कुणाला सांगितलं असतं तर सकाळी टीव्हीवर आलं असतं. मला तिसरी वाट दिसेना. म्हटलं, गाडीच नसली तर विचारतील कशाबद्दल?"

"पण इथे का आणलीस? नदीत ढकलायची होतीस."

"नदीत कशी ढकलू? दरवाजे डेलचे आहेत." मग तो खाली बघत म्हणाला, "आणि आवारात परदेशी गाडी नको, हा नियम माझाच ना. रागाच्या भरात आणून लावली जिथली तिथे."

तेवढ्यात मागे बूट घसरल्याचा आवाज आला. व्हिटलॉ उघड्या बॉनेटकडे बघत उभा होता. लॉरेटाला वाटलं आता हा आरडाओरडा करेल. पण तो अर्लीनच्या गाडीला टेकला आणि त्याने तोंड हातांनी झाकून घेतलं. आमचं इंजिन खरंच बनतंय, तो सांगू लागला, पण त्यावर काम करणारी निम्मी माणसं काढावी लागली, आणि ते वेळेत पुरं झालं नाही. वरून हुकूम आला, की काहीही करा पण चालती गाडी दाखवा. "काढलेल्या माणसांत माझा भाऊ होता," तो म्हणाला. त्याच्यावर चिडावं अशी लॉरेटाची फार इच्छा होती, पण ते जमेना.

"तक्रार तुमची आहे," ती म्हणाली. "गाडी सापडली. आता चोर पकडू, की तक्रार मागे घेताय?"

व्हिटलॉने मागे घेतली. लॉरेटा त्यावर थांबली नाही. गाडीचं काम अजून पुरं झालेलं नाही, हे टीव्हीवाल्यांना तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं, असं तिने त्याला बजावलं. इंजिन कुणाचं तेही समितीने विचारलं तर लपवायचं नाही. तो बुटांवरचा बर्फ झटकत हो म्हणाला.

"मग मी वॉशिंग्टनला जाऊ कशात?" गॉर्डीने विचारलं.

लॉरेटाने खिशातून स्वतःच्या घरच्या गाडीच्या किल्ल्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. तिची स्टेशन वॅगन याच कारखान्यातली, पोरं लहान असताना घेतलेली. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचे खालचे पत्रे पार खाऊन टाकले होते. तिथे कॅमेरे असतील हो, असं व्हिटलॉ दबक्या आवाजात म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुपारी गॉर्डी निघाला. बँडच्या पोरांनी पुन्हा वाजवलं. गाव बुचकळ्यात पडलं होतं, कुजबुजत होतं, पण हात हलवत होतं. अर्लीन दुकानातून थर्मास घेऊन आली आणि खिडकीतून आत देत म्हणाली, "देऊ नका असंच सांगणार आहे मी त्यांना. वाटेत गरम पी."

६

गुरुवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या टीव्हीत आधी व्हिटलॉ दिसला. इंजिनाचं खरं ते त्याने सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. हॉलमध्ये कुणीतरी शिवी हासडली. आता आपलं काही खरं नाही, असंच सगळ्यांच्या मनात आलं. डेलने लॉरेटाचा हात धरला.

मग गॉर्डी. लग्नात घातलेला कोट, गळ्याशी घट्ट. समितीतल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थाने चष्मा खाली घेतला आणि विचारलं, की नव्या गाडीचं वचन होतं, आणि तुम्ही बाहेर जे भंगार उभं केलंय ते बघून आम्ही जनतेचे पैसे द्यायचे का?

गॉर्डीने घसा खाकरला.

"साहेब, नवी गाडी तयार नाही. तयार आहे म्हणून सांगायला मी येणार होतो, पण ते तोंडातून आलं नसतं. ही जी बाहेर आहे ती वाटेत एकदाही बंद पडली नाही. हिचे दरवाजे माझ्या मित्राने बसवलेत आणि शेवटी तपासून बाहेर मी सोडलीय. हिच्यात जे आहे ते सगळं आमचं आहे." तो थांबला. "गंजसुद्धा."

समितीतलं कुणी हसलं नाही.

मागच्या भिंतीशी अर्लीन उभी होती. कोणी बोलावलं नव्हतं, पण आली होती. "माझं मत काही बदललेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि नाक पुसलं. "देऊ नयेत पैसे. पण दिलेच, तर याच्या हातात द्यावेत."

कर्ज पुढे मिळालं, मागितलं होतं त्याहून कमी. कारखान्याच्या दोन पाळ्यांपैकी एक वाचली. ती डेलची होती; गेली ती गॉर्डीची. पण हे सगळं नाताळनंतरचं.

त्या दिवशी लोक पांगल्यावर डेल सवयीने आवारात गाडी शोधत उभा राहिला. लॉरेटाने त्याच्या दंडाला धरून त्याला वळवलं. गाडी वॉशिंग्टनला होती, म्हणून दोघं बर्फातून चालत घरी गेली.